हाड जुळतं, पण खाटेवरची जखम जीव घेते

आपल्या खेड्यापाड्यांत एक गोष्ट वरचेवर घडते. म्हातारं माणूस न्हाणीत नाहीतर ओट्यावर घसरून पडतं आणि खुब्याचं हाड मोडतं. घरचे धावपळ करून तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये नेतात, ऑपरेशन होतं, सोसायटीचं नाहीतर पाहुण्यांचं कर्ज डोक्यावर येतं. माणूस घरी येतं तेव्हा हाड जागेवर बसलेलं असतं. आणि दोन-तीन महिन्यांत ते माणूस जातं. दहाव्याला बसलेले लोक म्हणतात, "वय झालं होतं."

वय झालेलं असतं हे खरं. पण बऱ्याचदा जीव वयाने जात नाही आणि हाडानेही जात नाही. माकडहाडावर पडलेली जखम चिघळते. लघवीच्या नळीवाटे जंतू वर चढतो. पडल्या पडल्या पाजलेली पेज छातीत जाऊन न्युमोनिया होतो. ही तिन्ही कारणं टाळण्यासारखी आहेत. म्हणूनच आज खतं-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवून या विषयावर लिहीत आहोत.

कोणी म्हणेल, कृषी खात्याच्या माणसाने दवाखान्याच्या भानगडीत कशाला पडावं? उत्तर सोपं आहे. संसर्ग कसा रोखायचा हे शिकवायला शेतकऱ्याला डॉक्टरच लागतो असं नाही. तो ते रोज करतो. तेल्या रोग असलेल्या डाळिंबाच्या बागेत छाटणी करताना कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवूनच दुसऱ्या झाडाला लावायची, हे आता मजुरालाही सांगावं लागत नाही. दगडी झालेल्या गाईची धार सर्वांत शेवटी काढायची आणि धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे, हे दूधवाला जाणतो. कोंबड्यांच्या शेडच्या दाराशी पाय बुडवायला जंतुनाशकाचं टाकं असतं. २०२२ साली लम्पी आला तेव्हा आजारी जनावर वेगळं बांधायचं, माश्या-गोचीड आटोक्यात ठेवायचे, हे गावोगाव झालं. एवढं सगळं कळणाऱ्या गावात, तीन म्हाताऱ्यांचं अंग एकाच हातमोज्याने पुसलं जातं, आणि ते पाहून कोणाला काही वाटत नाही. हे बरोबर आहे का, एवढाच आमचा सवाल आहे.

नर्सिंग होम म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की तालुक्याच्या गावातला दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना. परदेशात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा वृद्धांना कायमचं सांभाळणारी संस्था, तिला तिकडे नर्सिंग होम म्हणतात. आपल्या वृद्धाश्रमांपैकी जिथे अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवून घेतात, ते या अर्थाने नर्सिंग होमच. आणि खरं पाहिलं तर ज्या घरात पक्षाघात झालेली आई किंवा परावलंबी झालेला बाप खाटेवर आहे, ते प्रत्येक घर म्हणजे एका खाटेचं नर्सिंग होम झालं. फरक एवढाच की तिथली सिस्टर म्हणजे घरची सून असते, आणि तिला हे काम कोणी शिकवलेलं नसतं.

पोरं पुण्या-मुंबईला, नाहीतर एमआयडीसीत. मागे राहिलेत म्हातारा-म्हातारी आणि दोन एकर. त्यामुळे हा प्रश्न पुढे वाढणार आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. इमारत उभी राहील, खाटा येतील. पण एका छताखाली दीडशे अशक्त माणसं ठेवली आणि हात धुवायला नळ दोनच ठेवले, तर काय होईल हे कोंबड्या पाळणाऱ्याला विचारा.

हे कोणी मनचं सांगत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये संसर्ग प्रतिबंधावर पहिला जागतिक अहवाल काढला. त्यातले आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दवाखान्यात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना तिथे राहिल्यामुळे निदान एक तरी नवा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण १०० मागे ७ आहे. असा संसर्ग झालेल्या दर दहांतला एक माणूस दगावतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हात स्वच्छ ठेवणं आणि अशाच कमी खर्चाच्या गोष्टी नीट पाळल्या तर यातले ७० टक्के संसर्ग टाळता येतात. औषधाची एक मात्रा न देता ७० टक्के फायदा देणारं दुसरं कुठलं तंत्र आपल्याला माहीत आहे?

श्रीमंत देशालाही हलगर्जी परवडत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात किर्कलँड म्हणून गाव आहे. तिथल्या एका नर्सिंग होममध्ये फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस कोरोना आढळला. १८ मार्चपर्यंत त्या एका संस्थेशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले. त्यांत १०१ तिथे राहणारे वृद्ध, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले लोक होते. त्या वृद्धांपैकी साधारण तिसरा हिस्सा वाचला नाही. चौकशीत पुढे आलेली कारणं बघा. कर्मचारी आजारी असूनही कामावर येत होते, तेच कर्मचारी एकापेक्षा जास्त संस्थांत काम करत होते, आणि हातमोजे-मास्क कसे वापरायचे याची अनेकांना नीट माहिती नव्हती. यातलं एकही कारण अमेरिकेपुरतं नाही.

चुन्याचं पाणी आणि व्हिएन्नाचा डॉक्टर

हात धुण्याचं महत्त्व पहिल्यांदा आकड्यांनिशी दाखवलं ते इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने, १८४७ साली, व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात. तिथे एका विभागात डॉक्टर व विद्यार्थी बाळंतपणं करत, आणि ते शवविच्छेदन करून तसेच येत. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात दर शंभर बाळंतिणींपैकी अठरा दगावल्या. मेच्या मध्यापासून सेमेलवाइसने सक्ती केली की क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणी बाळंतिणीला हात लावायचा नाही. जूनमध्ये मृत्यूचं प्रमाण शंभराला दोनवर आलं. त्या वेळी जंतूंमुळे रोग होतो हे सर्वमान्य झालेलं नव्हतं, त्यामुळे बड्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही.

आता हा क्लोरीनयुक्त चुना म्हणजे काय? आपल्या ग्रामपंचायतीच्या खोलीत पोत्यात पडलेली टीसीएल पावडर, तीच. विहिरीत आणि टाकीत टाकायला आपण ती आणतो, जलसुरक्षक ती रोज हाताळतो. म्हणजे औषध गावात आहे. वापरण्याची शिस्त तेवढी नाही.

खाटेवरच्या माणसासाठी काय करावं?

पहिली गोष्ट हात. साबण आणि वाहतं पाणी घेऊन ४० ते ६० सेकंद हात धुवावेत, बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखं धरून. हात दिसायला स्वच्छ असतील तर सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळला तरी चालतो. कधी धुवायचे? रुग्णाला हात लावण्याआधी, जखम किंवा नळी हाताळण्याआधी, मलमूत्र-रक्ताशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या खाटेला, भांड्याला, चादरीला हात लागल्यावरही. हातमोजे घातले म्हणून धुण्यातून सुटका नाही. हातमोजा माणसागणिक बदलायचा असतो. न बदललेला हातमोजा म्हणजे तेल्याच्या बागेतली न बुडवलेली कात्री.

दुसरी गोष्ट अंथरुणाची जखम. माणूस एकाच कुशीवर पडून राहिलं की माकडहाड, खुबे, टाचा इथलं रक्त अडतं. आधी लाली येते, मग कातडी फाटते, मग खड्डा पडतो. उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलणे. हवेची गादी आणली तरी कूस बदलावीच लागते. कूस बदलताना माणसाला चादरीवरून ओढू नये, दोघांनी उचलावं. लाल झालेली जागा चोळू नये. ओली चादर, ओला डायपर तसाच ठेवू नये. जखम झालीच तर तिच्यावर हळद, राख, शेण, तंबाखू काहीही भरू नये. शेणा-मातीत धनुर्वाताचे जंतू असतात हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? जखम आरोग्य सेविकेला किंवा डॉक्टरला दाखवावी.

तिसरी गोष्ट लघवीची नळी. नळी जितके दिवस राहते तितका धोका वाढतो. प्रत्येक दिवसागणिक साधारण तीन ते सात टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू शिरतात. म्हणून डॉक्टरांना भेटलं की पहिला प्रश्न हा विचारावा, "साहेब, नळीची गरज अजून आहे का?" चादर ओली होऊ नये एवढ्यासाठी नळी ठेवणं हे कारण होत नाही. नळी असेपर्यंत पिशवी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडू नये. पिशवी गच्च भरायची वाट न पाहता रिकामी करावी, आणि एकाचं भांडं दुसऱ्याला वापरू नये.

चौथी गोष्ट खाणं-पिणं. आडव्या माणसाच्या तोंडात पेज ओतू नये. पाठीला उशा देऊन बसवावं, घोट-घोट द्यावं आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी तसंच बसू द्यावं. दोन वेळा दात किंवा हिरड्या पुसाव्यात, कवळी रात्री काढून धुवावी. तोंडातली घाणच पुढे छातीत उतरते.

पाचवी गोष्ट आजार ओळखणं. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलतो, जेवण टाकतो, नुसता पडून राहतो, तोल जाऊन पडतो. घरच्यांना वाटतं, म्हातारपणामुळे चळ लागला. प्रत्यक्षात लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. गोठ्यात शिरल्या शिरल्या कोणत्या गाईने वैरण सोडली हे आपल्याला एका नजरेत कळतं. तीच नजर घरातल्या खाटेकडेही जाऊ द्या.

सहावी गोष्ट खरूज आणि खोकला. वृद्धाश्रमात एकाला खरूज झाली की सगळ्यांना होते, आणि मग एकालाच मलम लावून उपयोग नसतो. त्या खोलीतले सगळे आणि त्यांना हाताळणारे सगळे यांच्यावर एकाच वेळी उपचार, आणि त्याच दिवशी कपडे-चादरी गरम पाण्यात. अर्ध्या शेतात फवारून किडीचा बंदोबस्त होत नाही, तसंच हे. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्यावी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. थंडी बाधेल म्हणून बंद केलेल्या खोलीत क्षयाचे जंतू मजेत राहतात.

टीसीएलचं प्रमाण

फवारणीचं प्रमाण आपण मोजून घेतो, तसंच हेही मोजून घ्यावं. चांगल्या टीसीएल पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. रोजची फरशी, खाटेचे दांडे, दाराच्या कड्या पुसायला एक लिटर पाण्याला ३ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला ३० ग्रॅम पुरे. रक्त, संडास, उलटी सांडलेल्या जागेला एक लिटरला ३० ग्रॅम, आणि दहा मिनिटं तरी ते तिथे राहू द्यावं. गाळ खाली बसू द्यावा, वरचं निवळ पाणी वापरावं. आधी घाण पुसून काढायची, मग द्रावण. घाणीवरच द्रावण ओतलं तर क्लोरीनची ताकद घाणीतच संपते. द्रावण रोजच्या रोज ताजं करावं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर नुसता चुना उरते. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. आणि हे पाणी जखमेवर किंवा अंगावर वापरू नये.

सुया उकिरड्यावर नकोत

आता थोडं शेताकडे वळू. दवाखान्याच्या कचऱ्याचे नियम पहिल्यांदा १९९८ साली आले आणि २०१६ साली नव्याने झाले. रक्ताळलेला कापूस-पट्टी पिवळ्या पिशवीत, नळ्या-हातमोजे-सलाइनच्या पिशव्या लाल पिशवीत, सुया-ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. हा कचरा ४८ तासांच्या वर साठवायचा नाही आणि घंटागाडीत टाकायचा नाही. नियम असे आहेत. प्रत्यक्षात ओढ्याच्या काठी, गावाबाहेरच्या खदानीत काय दिसतं ते सांगायला नको. घरातल्या इन्सुलिनच्या सुयाही शेणाच्या उकिरड्यावर जातात. उकिरडा शेतात पसरला जातो आणि त्यातून अनवाणी चालते ती खुरपणारी बाई. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून उपकेंद्रात विचारून तिथे द्याव्यात. डायपर खतात, गोबरगॅसमध्ये किंवा ओढ्यात टाकू नयेत.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. ज्या गोळीच्या पट्टीवर लाल रेघ आहे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. "मागच्या वेळी लागू पडली होती" म्हणून अर्धा कोर्स दिला की उरलेले जंतू निबर होतात आणि पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही. हा दोष फक्त माणसांच्या दवाखान्यात नाही. कोलिस्टिन हे माणसाला शेवटचा उपाय म्हणून द्यायचं औषध कोंबड्यांच्या खाद्यात वापरलं जात होतं, ते केंद्र सरकारला जुलै २०१९ मध्ये बंद करावं लागलं. गाईला औषध दिल्यावर ठरलेले दिवस दूध डेअरीला घालायचं नाही हा नियम पाळणारा शेतकरी आपल्याच घरच्या म्हाताऱ्याचा जीव वाचवत असतो.

दोष मावशीचा नाही

असं लिहिलं की राग निघतो तो नर्सिंग होममधल्या मावशीवर. ते चूक आहे. ती मावशी आपल्याच गावची, रोजंदारीवर आलेली. वीस खाटा, एक नळ, हातमोज्याचं पुडकं मालकाच्या कपाटात. एक दिवस खोकला आला म्हणून घरी बसली तर मजुरी बुडते. मग ती खोकत खोकत कामाला येते. किर्कलँडमध्ये हेच झालं होतं. त्यामुळे आजारी कर्मचाऱ्याला पगारी सुट्टी देणं ही मेहरबानी समजू नये, तो संसर्ग रोखण्याचाच भाग आहे. खाटेजवळ नळ, साबण आणि हातमोजे देणं ही मालकाची जबाबदारी. आणि बिलात हातमोज्याचे पैसे लावले असतील, तर ते वापरले का हे विचारणं हा आपला हक्क. महाराष्ट्रात १९४९ पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. पेशंट दाखल करताना नोंदणीचं प्रमाणपत्र आणि सनद दोन्ही भिंतीवर आहेत का, एवढं तरी पाहावं. बियाण्याची पिशवी घेताना लेबल बघतो की नाही आपण?

भेटायला जाणाऱ्यांनीही थोडं ऐकावं. आजारी माणसाला भेटायला अख्खी वाडी जाते, खाटेवर बसते, शहाळ्याचं पाणी स्वतःच्या हाताने पाजते. माया खरी आहे, ती आटू नये. पण दोघांनीच जावं, हात धुऊन जावं, खाटेवर बसू नये आणि सर्दी-खोकला असेल तर दारातूनच विचारपूस करावी. उलट, संसर्गाच्या भीतीने म्हाताऱ्या माणसाला एकटं कोंडून ठेवू नये. कोरोनात ते एकटेपण पुष्कळांनी भोगलं आहे.

ग्रामपंचायतीने एवढं करावं

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांना आमची विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत हे विषय घ्यावेत.

१. गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती, याची यादी आशाताईंच्या मदतीने करावी. जनावरांची गणना होते, यांचीही व्हावी.

२. उपकेंद्रातील आरोग्य सेविका व समुदाय आरोग्य अधिकारी यांना बोलावून, सांभाळ करणाऱ्या सुना-लेकी आणि मुलगे यांना कूस बदलणं, नळी सांभाळणं, हात धुणं हे प्रत्यक्ष करून दाखवावं. मुलग्यांना मुद्दाम बसवावं. हे काम बायकांचंच आहे असं कुठे लिहिलेलं नाही.

३. ज्या घरी असा रुग्ण आहे त्या घरी टीसीएल पावडर पाव किलोच्या बंद डब्यात, प्रमाणाच्या चिठ्ठीसह द्यावी.

४. गावाच्या हद्दीत वृद्धाश्रम किंवा दवाखाना असेल तर तिथे हात धुण्याची सोय, पाणी आणि कचऱ्याची वाट काय आहे हे ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने जाऊन पाहावं आणि ग्रामसभेत सांगावं.

५. सुयांचा कचरा गावात कुठेही उघड्यावर दिसला तर पंचनामा करून वरिष्ठांना कळवावं.

यात मोठा निधी लागणारं काही नाही. साबण, मोजलेली पावडर, दोन तासांनी दिलेला हात आणि विचारलेला प्रश्न, एवढंच आहे. फवारणी पंपाच्या किमतीत एका खाटेचं वर्षभराचं काम भागेल. ज्या बापाने विहीर खणली, ज्या आईने डोक्यावरून पाणी आणून रोपं जगवली, त्यांच्या खाटेशी हात धुऊन उभं राहणं हे काही फार मोठं काम नाही. आणि एवढं सगळं करूनही माणूस गेलंच, तर मग म्हणावं "वय झालं होतं." त्याआधी नाही.